निवृत्तीनंतर सीमेपलीकडं शेत: कोल्हापूरकरांसाठी तयारीची यादी

कागलच्या पुढं कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की माणसं, बोलणं, जेवण फारसं बदलत नाही. बदलतो तो उतारा. सात-बारा संपतो आणि कर्नाटकाचा आरटीसी सुरू होतो. जुनी माणसं त्याला पहाणी म्हणतात. फंडाची रक्कम घेऊन निपाणी, संकेश्वर, खानापूर भागात रान बघायला निघणाऱ्यांनी तयारीला किमान एक वर्ष धरावं. त्यात एकदा जुलैत आणि एकदा एप्रिलात त्या शिवारात जायलाच हवं. शक्य असेल तर त्याच गावात वर्षभर भाड्यानं राहावं. श्रावणात बघितलेलं रान प्रत्येकालाच आवडतं, आणि एजंट गिऱ्हाईक न्यायला श्रावणच निवडतात.

पहिला प्रश्न पात्रतेचा. कर्नाटकात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला बंदी होती. 2020 च्या दुरुस्तीनं जमीन सुधारणा कायद्यातली 79अ आणि 79ब ही कलमं गेली आणि वाट मोकळी झाली. महाराष्ट्रात मात्र 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 अजून उभं आहे. म्हणून गावाकडच्या सात-बारावर नाव असेल तर ते सगळं विकून निघू नका. थोडं का होईना, नावावर राहू द्या. पाच वर्षांनी परत यावंसं वाटलं आणि इथं शेतकरी असल्याचा पुरावाच उरला नसेल, तर भुदरगड-आजऱ्यातही रान घेणं अवघड होईल.

जमीन किती घ्यायची याचं उत्तर बहुतेक जण जास्त धरतात. साठीतल्या दोघांना, एक गडी हाताशी धरून, दोन एकर पुष्कळ झाली. ऊस नको असेल तर दीडही चालेल.

भाग निवडताना तालुक्याचं नाव बघू नका, पाऊस आणि माती बघा. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीकडं, पावसाचा मुक्काम चार महिने. जांभ्याची माती, काजू-भाताचं रान, विहिरी जुलैत काठोकाठ आणि बऱ्याच एप्रिलात तळाला. निपाणी भागात तंबाखू-उसाची काळी माती. चिकोडीच्या पुढं रायबाग-अथणीकडं जावं तसा पाऊस आटत जातो. काळ्या मातीत घर बांधायचं तर पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो, नाहीतर दुसऱ्या उन्हाळ्यात भिंतींना तिरक्या भेगा पडतात. माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. हा खर्च बजेटमध्ये आधीच लिहून ठेवा. दूधगंगा-वेदगंगेच्या काठाला 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते शाळेत, देवळात विचारा. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी आलं की हायवे बंद पडतो, म्हणजे रान कोरडं असलं तरी कोल्हापूरच्या दवाखान्याची वाट बंद. खानापूरच्या जंगलकडेला, भीमगड अभयारण्याच्या आसपास, गवा आणि हत्ती दोन्ही येतात. तिथं घेणार असाल तर गट पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात येतो का, डीम्ड फॉरेस्टच्या (जंगल मानलेल्या जमिनीच्या) यादीत आहे का, हे वनखात्यात विचारूनच पुढं जा.

पाण्याची चाचणी एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये. बोअर सलग चार तास चालवा आणि शेवटच्या तासात 200 लिटरचं बॅरल भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. शंभर सेकंद लागले तर ताशी 7,200 लिटर. नारळाच्या सत्तर झाडांना उन्हाळ्यात रोज प्रत्येकी 50 लिटर धरले तर 3,500 लिटर, म्हणजे अर्ध्या तासाचं काम. चाचणी पहिल्या दहा मिनिटांत उरकणारे फसतात, कारण पाइपात साठलेलं पाणी जोरात येतं आणि तासाभरानं धार मोडते. पाण्याचा आणि मातीचा नमुना तपासायला द्या; उसाच्या जुन्या रानात क्षार वर आलेले असू शकतात.

आता कागद, आणि इथं घाई अजिबात नको. आरटीसी कानडीत असतो, जुन्यात कधी आकडेही कानडी, म्हणून वाचणारा माणूस आपला असावा, विकणाऱ्याचा नको. रकाना 9 मध्ये मालक, 10 मध्ये जमीन त्याच्याकडं कशी आली त्याचा म्युटेशन (फेरफार) नंबर, 11 मध्ये इतर हक्क आणि बोजे, 12 मध्ये कसणारा. अकरावा रकाना दोनदा वाचा: सोसायटीचं कर्ज, कोर्टाचा मनाई हुकूम, विक्रीवरची अट, सगळं तिथंच येतं. बाराव्यात मालकाऐवजी दुसऱ्याचंच नाव दिसलं तर वाटेकरी आहे की कूळ, याचा निकाल लागेपर्यंत संचकार (विसार) देऊ नका.

क्षेत्राचा हिशेब वेगळा आहे. आपला सात-बारा हेक्टर-आरमध्ये बोलतो, तिकडं एकर-गुंठे-आणे (आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग). 40 आर म्हणजे एक एकर नव्हे, साडेएकोणचाळीस गुंठे. त्यापेक्षा मोठा घोळ खराब्याचा, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जागेचा. समजा उताऱ्यावर एकूण 4 एकर 12 गुंठे, खराब 22 गुंठे, राहिलं 3 एकर 30 गुंठे. त्या बावीसमधला ‘अ’ खराब मालकाच्या पडीक जागेचा, पण ‘ब’ खराब म्हणजे ओढा, वाट, सार्वजनिक जागा; ती तुमची कधीच होणार नाही. दर ठरवताना विकणारा एकूण क्षेत्र धरतो. तुम्ही ‘ब’ खराब वजा करूनच बोला.

ईसी, म्हणजे जमिनीवरचे नोंदलेले व्यवहार आणि बोजे दाखवणारं ऋणभार प्रमाणपत्र, तीस वर्षांचं मागा. 2004 च्या एप्रिलपासूनचं नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर मिळतं, त्याआधीचं सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत रजिस्टर चाळून घ्यावं लागतं. घाईत फक्त ऑनलाइन तेवढं बघून समाधान मानणारे इथंच अडकतात. 2000 च्या आधीचे हाताने लिहिलेले उतारे तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढा. 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, त्यामुळं फार जुने कागद मराठीत, कधी मोडीतही निघतात. मोडी वाचणारा जाणकार कोल्हापुरात सापडतो, त्याला गाठून ठेवा.

सरकारनं मंजूर केलेली जमीन सगळ्यात धोक्याची. मूळ मंजुरी अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला असेल तर 1978 च्या पीटीसीएल कायद्यानं परवानगीशिवाय झालेली विक्री रद्द ठरते, आणि 2023 च्या दुरुस्तीनं दाव्याची मुदत काढून टाकली, म्हणून दावा जुना झाला की सुटका होईल असं धरून चालू नका. मधे चार खरेदीखतं झाली असली तरी जमीन मूळ कुटुंबाकडं परत जाते आणि तुमचे पैसे विकणाऱ्याच्या मागं लागून काढायचे. कुळाला फॉर्म 7 वरून (कुळाच्या अर्जावरून) मिळालेल्या जमिनीला 15 वर्षं विक्रीबंदी असते; त्याचा फॉर्म 10 (कुळाला मिळालेला दाखला) आणि तारीख बघा. वतन-इनामाच्या जमिनीचीही मूळ फाइल उघडा.

वडिलोपार्जित जमीन असेल तर वंशवृक्ष घ्या आणि त्यातल्या प्रत्येकाची सही घ्या, बहिणींची आधी. कर्नाटकानं मुलींना 1994 मध्येच वाटा दिला होता, 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीच्या कितीतरी आधी. “बहिणींनी हक्क सोडलाय” हे तोंडी चालत नाही. मालक वारला असेल तर आधी वारसा नोंद, मग व्यवहार. सर्व्हे नंबरातला तुकडाच घेत असाल तर 11-ई नकाशा (त्या तुकड्याचा मोजणी नकाशा) झाल्याशिवाय खरेदी नोंदली जात नाही. मोजणीवेळी स्वतः हजर राहा, शेजाऱ्यांना बांधावर बोलवा, आणि पाणंद नकाशावर आहे की नुसती वहिवाटीची आहे ते तिथंच विचारा. वहिवाटीची वाट शेजाऱ्याशी जमतंय तोवरच चालते. जाहीर नोटीस एका मराठी आणि एका कानडी दैनिकात, दोन्हीकडं द्या.

पैसे बँकेतून. जमिनीच्या व्यवहारात 20,000 किंवा जास्त रक्कम रोखीनं घेणं आयकर कायद्यात बसत नाही. खर्चात मुद्रांक 5 टक्के, उपकर-अधिभार धरून ग्रामीण भागात 5.65, आणि 2025 च्या ऑगस्टअखेर दुप्पट झालेली नोंदणी फी 2 टक्के. तीस लाखांच्या खरेदीला यातच 2 लाख 30 हजारांच्या आसपास जातात. वटमुखत्यारावर विकणारा भेटला तर मूळ मालक समोर बसल्याशिवाय सही नको.

खरेदी झाल्यावर म्युटेशनच्या नोटिशीची मुदत संपेपर्यंत बांधकाम काढू नका. शेतघर धारणेच्या दहा टक्क्यांच्या आतच. त्याहून मोठं मनात असेल तर बिनशेती करून घ्या. हेस्कॉमचा, म्हणजे तिकडच्या वीज कंपनीचा, आरआर नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) नावावर करून घ्या. 10 एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत आहे, पण थ्री फेज ठरलेल्या तासांपुरतीच येते, कधी रात्रीची, आणि साठीत रात्री दोनला मोटर चालू करायला जाणं बरं नव्हे. 20,000 लिटरची टाकी बांधा आणि झाडांना तिथून पाणी सोडा. घराचा मीटर वेगळा घ्या. शेतीच्या लाइनवर बल्ब लावला तर दंड होतो.

फ्रूट्स आयडी (कर्नाटकाचा शेतकरी नोंदणी क्रमांक) काढा, त्याशिवाय अनुदान नाही. पीएम-किसानची आशा धरू नका: 1 फेब्रुवारी 2019 नंतर खरेदी केलेल्या जमिनीला ते मिळत नाही, शिवाय दहा हजार किंवा जास्त पेन्शन असेल तर तसेही बाहेर. पेन्शनची बँक बदलायची घाई नको. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मोबाइलवरूनही देता येतो. गाडी एमएच-09 ची असेल आणि बारा महिन्यांहून जास्त तिकडं राहणार असेल तर एनओसी घेऊन नवा नंबर घ्यावा लागतो, आयुष्यभराचा रोड टॅक्सही तिकडं भरावा लागतो. इथला उरलेला परत मागता येतो.

सामान हलवायला दसऱ्यानंतरचा काळ बरा, वाटा वाळलेल्या आणि विहिरी भरलेल्या असतात. झाडांची घाई मात्र करू नका. एप्रिलात मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे काढा, महिनाभर उन्हात तापू द्या, वरची माती आणि शेणखत मिसळून भरा, आणि कलमं जूनचे दोन चांगले पाऊस झाल्यावरच आणा.