एसीच्या जाळीत टेंपरेचर मीटर: डॅशबोर्डला भोक न पाडता

माझ्या डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनच्या तापमानाचा काटाच नाही. एक निळा दिवा आहे, एक लाल. निळा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल म्हणजे उशीर झाला. मधलं सगळं देवाच्या भरवशावर. मे महिन्यात करूळ घाट चढून गगनबावड्याकडे येत होतो, एसी चालू, पुढे भरलेला ट्रक, आणि तो लाल दिवा पेटला. घरी आल्यावर पहिलं काम, काटा मागवला.

तो बसवायचा कुठे, यावर मी मीटरच्या किमतीपेक्षा जास्त डोकं चालवलं. काचेशेजारच्या खांबावर लावला तर नजर अडते, शिवाय बऱ्याच गाड्यांत तिथेच पडद्याची एअरबॅग असते. डॅशवर चिकटवला तर रात्री काचेत त्याचं प्रतिबिंब नाचतं. राहिली ड्रायव्हरच्या दाराकडची गोल जाळी. मान न वळवता दिसते, काही कापावं लागत नाही आणि गाडी विकताना मूळ जाळी परत बसवता येते. तोटा एकच, पण आपल्याकडे तो लहान नाही. उजव्या काचेवरचं बाष्प याच जाळीच्या वाऱ्यानं जातं. ती पूर्ण बुजवली तर पावसाळ्यात आरसा शोधत बसाल. तेव्हा मीटरभोवती वाऱ्याला वाट ठेवायचीच.

मीटर ५२ मिमीचा घ्या. हे बॉडीचं माप आहे, पुढची कड थोडी मोठी असते. मागची खोलीही मोजा, कारण वायरचा सॉकेट मागे येतो आणि तिथे हवेचा पाइप वळलेला असतो. जुनी जाळी स्क्रॅपवाल्याकडे मिळाली तर प्रयोग तिच्यावर करा, आपली मूळ जाळी कागदात गुंडाळून ठेवा.

जाळी काढायचं काम गाडी उन्हात तासभर उभी करून मग करा. थंडीतल्या सकाळी प्लॅस्टिकच्या क्लिपा काडीसारख्या मोडतात. आधी दार उघडून डॅशच्या टोकाचं झाकण काढून बघा, अनेक गाड्यांत तिथून हात घालून जाळी मागून ढकलता येते. नाही जमलं तर जुनं एटीएम कार्ड फटीत घालून चारी बाजूंनी थोडं थोडं उचला. स्क्रूड्रायव्हर वापरलाच तर त्याला फडकं गुंडाळा.

मग मीटर धरणारी रिंग. थ्री-डी प्रिंट करणार असाल तर पीएलए प्लॅस्टिक नको, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅश तेवढा सहज तापतो. एबीएस प्लॅस्टिक चालेल. पण कोल्हापुरात राहून रिंग प्रिंट करायची म्हणजे विहिरीकाठी बसून बाटलीचं पाणी पिण्यासारखं. शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, कुठल्याही लेथवर नायलॉनचा तुकडा टर्न करून मिळतो. मी जाळी, मीटर आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊन गेलो, तर टर्नर हसला.

"एवढ्याशा रिंगला व्हर्नियर घेऊन आलाय व्हय! कुठल्या मशिनला लागतंय हे?"

"मशिनला नाही दादा, गाडीच्या एसीत बसवायचंय."

त्यानं जाळी उलटी-सुलटी करून बघितली. "मग टाइट नको. नायलॉन उन्हात फुगतंय, पावसाळ्यात पाणी पिऊन आणखी फुगतंय. जरा सैल ठेवतो, तुम्ही फोमची पट्टी लावा."

त्याचं ऐकलं ते बरं झालं. आतून ५२ मिमीला किंचित सैल, बाहेरून जाळीच्या घराच्या मापात, आणि रिंगच्या अंगात गोलाकार आठ भोकं. वारा त्या भोकांतून येतो. जाळीच्या मागची झडप असेल तर ती काढून टाका किंवा उघडी ठेवून अडकवा.

आता वीज. बॅटरीचं निगेटिव्ह टोक १० च्या पान्यानं सोडवा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. पिवळ्या सॉकेटच्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नका. मीटरच्या वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून डब्यातला कागद पाहा. बहुधा काळी अर्थिंगची आणि लाल चावीवर येणाऱ्या १२ व्होल्टची असते, काही मीटरना कायम चालू राहणारी आणखी एक लागते. मूळ वायर सोलून जोड मारायचा मोह होतो. तो मारू नका, फ्युज टॅप लावा, म्हणजे फ्युजच्या जागी बसून वेगळी वायर काढून देणारा जोड. त्यासाठी फ्युजबॉक्समध्ये चावी बंद असताना शून्य आणि चालू केल्यावर १२ व्होल्ट दाखवणारी जागा मल्टीमीटरनं शोधायची असते, म्हणून हे एवढं मोजमाप बॅटरी सोडवण्याआधीच उरकून घ्या. एअरबॅग आणि एबीएस ब्रेकच्या फ्युजला हात नको. मीटरसाठी २ किंवा ३ अँपिअरचा फ्युज पुरतो. अर्थिंगला पायाजवळचा बॉडीचा बोल्ट घ्या आणि त्याखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या.

पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर इंजिनकडे न्यायला फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात, रबरी बूच असतं. त्याला लहान चीर देऊन सायकलचा स्पोक आरपार घाला आणि स्पोकच्या टोकाला वायर टेपनं बांधून ओढून घ्या. ती पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब बांधा, इंजिनच्या बाजूला सायलेन्सरच्या पाइपापासून लांब.

यानंतरचं काम इंजिन पूर्ण गार असतानाच. आदल्या रात्री गाडी लावा, सकाळी सुरू करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की दाबाखालचं पाणी थेट तोंडावर येतं. इंजिनातून रेडिएटरकडे गरम पाणी नेणाऱ्या वरच्या होजमध्ये, म्हणजे रबरी नळीत, ॲल्युमिनियमचा ॲडॅप्टर (नळीचे दोन तुकडे जोडणारा जोड) बसवायचा आणि त्यात सेन्सर. मूळ होज कापू नका, नवी आणून ती कापा. सांडणारं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, बादलीत धरा. ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात.

मी फसलो तो इथेच. सेन्सर एका वायरचा होता, म्हणजे त्याचं अर्थिंग धातूच्या अंगातून व्हायला हवं. ॲडॅप्टर मात्र दोन्हीकडून रबराच्या होजमध्ये अडकलेला, बॉडीशी त्याचा संबंधच नाही. मीटर चालू, दिवा सुंदर, काटा मात्र तळाशी. घाईत मी सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपही भरपूर गुंडाळली होती. असे सेन्सर तापले की त्यांचा रेझिस्टन्स कमी होतो, त्यामुळे अर्थिंग कच्चं असेल तर मीटर खऱ्यापेक्षा थंड आकडा दाखवतो. इंजिन उकळत असेल आणि काटा 'सगळं ठीक' म्हणेल, याहून काटा नसलेला बरा. ॲडॅप्टरला क्लिप लावून त्यावरून वेगळी वायर इंजिनच्या बोल्टला आणली, टेप दोनच वेढे ठेवली, काटा जागा झाला. दोन वायरींचा सेन्सर असेल तर ही भानगड नाही.

कूलंट भरून झाकण उघडं ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, आणि बुडबुडे थांबेपर्यंत गाडी आयडलवर चालवा. सुरुवातीला काटा हलणार नाही, घाबरू नका. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडेपर्यंत वरच्या होजमध्ये गरम पाणी येतच नाही, मग काटा एकदम उडी मारतो. आणखी एक, पाणी सगळं गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. म्हणून लाल दिव्याकडे दुर्लक्ष नको.

चाचणीला मी पन्हाळा गाठला. सपाटीवर ८५ ते ९०, चढाला एसी लावून ९७. तुमच्या गाडीचे असे आकडे वहीत लिहून ठेवा. १०५ च्या वर जाऊ लागला तर एसी बंद, हीटर चालू आणि जागा मिळेल तिथे बाजूला.

परत आल्यावर इंजिन गार होऊ द्या, होज क्लिपा अर्धा आटा आवळा आणि गाडीखाली, ॲडॅप्टरच्या बरोबर खाली, कालचं वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि घरात जाऊन झोपा. सकाळी कागदावर डाग दिसला तर क्लिप पुन्हा काढून होजची कड पुसून नीट बसवा.