सेकंडहँड क्विड बघताय? फेसलिफ्टबद्दल मालक काय म्हणतात ते असं ऐका

रेनॉची क्विड २०१५ मध्ये आली तेव्हा लोकांनी घेतली ती दिसायला छोटी एसयूव्ही वाटते म्हणून, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये रेनॉने नेमकं तिचं तोंडच बदललं, तीच ही फेसलिफ्ट. वर बारीक डीआरएल, म्हणजे दिवसाही चालू राहणारे दिवे, आणि खरे हेडलॅम्प खाली बंपरमध्ये. मग काय, जुने मालक म्हणणार आमचीच बरी होती आणि नवे म्हणणार एकदम मोठ्या गाडीसारखी वाटते. दोघांचंही ऐकायचं, पण कोण बोलतंय ते बघून.

आधी विचारा गाडी कधी घेतली. ज्याची नुकतीच शोरूममधून बाहेर पडलीय तो ८ इंची टचस्क्रीनचंच कौतुक सांगणार. एक पावसाळा आणि दोनचार सर्व्हिसिंग झालेला माणूस गाठा, तो एसी, सस्पेन्शन आणि स्पेअर पार्ट कितीला पडतात यावर बोलतो, तेच आपल्या कामाचं. जुन्या मॉडेलवाल्याचं "नवीन भंगार आहे" निम्मं सोडून द्यायचं, त्याला रीसेलची काळजी असते बिचाऱ्याला.

दुसरं म्हणजे तोंड सोडून काय बदललं ते विचारा. इंजिनं तीच राहिली, ८०० सीसी आणि १ लिटर, गाडीचा सांगाडाही तोच. त्यामुळे "फेसलिफ्टला पिकअप जास्त आहे" असं कोणी सांगितलं की मान हलवायची आणि पुढे जायचं. ड्रायव्हर एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, स्पीडची वॉर्निंग हे फेसलिफ्टमुळे मिळालं असं काही जण सांगतात, पण ते १ जुलै २०१९ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना कंपल्सरी झालं होतं, त्यात कंपनीचे उपकार काही नाहीत. आणि हो, फेसलिफ्ट आली तेव्हा इंजिन जुन्या प्रदूषण नियमाचं बीएस-४च होतं, नव्या नियमाचं बीएस-६ थोड्या महिन्यांनी आलं, म्हणून २०१९ ची फेसलिफ्ट बघत असाल तर आरसीवर एमिशन नॉर्म्स आणि बनावटीचा महिना दोन्ही बघा. त्या वर्षाच्या शेवटी पासिंग झालेली गाडी जुन्या स्टॉकमधली पण असू शकते.

हेडलॅम्पच्या तक्रारीला मात्र हसण्यावारी नेऊ नका. इतक्या खाली असल्यामुळे पावसाळ्यात पुढच्या गाडीचा चिखल थेट काचेवर येतो, आणि पार्किंगमध्ये कोणी स्कूटर टेकवली तर नुसता बंपर नाही, लाइटचा पण खर्च. गाडी बघायला जाल तेव्हा खाली उकिडवं बसा आणि दोन्ही लॅम्पची काच शेजारीशेजारी बघा. एक पिवळट आणि दुसरी चकचकीत असेल तर चकचकीत काचेच्या बाजूने ठोकलेली असण्याची शक्यता जास्त, मग बंपर आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांच्यातली फट दोन्हीकडे सारखी आहे का तिथे बोट फिरवून बघा, आत क्लिप तुटली असेल तर दाबल्यावर बंपर हलतो. टेस्ट ड्राइव्ह जमलं तर संध्याकाळीच मागा, डिपरवर रस्ता किती लांब दिसतो ते दुपारी नाही कळत.

आणि जुन्या क्विडवाल्यांनो, नवीन तोंड आपल्या गाडीला लावून घ्यायचा विचार असेल तर राहू द्या, लॅम्प, बंपर, वायरिंग सगळं वेगळं आहे. त्या पैशात टायर बदला.