स्पितीची वाट : किन्नौरकडून चढावी, कुंझुमकडून उतरावी

जळगाव, भुसावळ, अमळनेर हा आपला तापीकाठचा मुलूख समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरांच्या आसपास आहे, आणि आपल्याकडचे थंड हवेचे ठिकाण म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते तोरणमाळही साधारण साडेअकराशे मीटरांवर थांबते. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्याचे मुख्य गाव काझा मात्र सुमारे ३६५० मीटरांवर आहे. तेथे हवेचा दाब, आणि म्हणून प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू, समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढाच असतो. त्यामुळे स्पितीत काय पाहावे या प्रश्नाआधी ते कोणत्या क्रमाने पाहावे हे ठरवणे आवश्यक आहे, आणि या लेखाचा सारा भर त्या क्रमावरच आहे.

स्पितीत जाण्याचे दोन रस्ते आहेत. मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे जाणारा रस्ता अंतराने कमी असल्यामुळे बहुतेकांना तोच सोयीचा वाटतो. परंतु सुमारे दोन हजार मीटरांवरची मनाली सकाळी सोडून त्याच दिवशी साडेचार हजार मीटरांहून उंच खिंड ओलांडणे आणि रात्री काझात झोपणे शरीराला मानवत नाही. सिमल्याहून सतलजच्या काठाने किन्नौर जिल्ह्यामार्गे जाणारा रस्ता लांबचा आहे, पण तो टप्प्याटप्प्याने चढतो. आपल्या भागातून जाणाऱ्यांनी याच रस्त्याने चढावे आणि परतताना कुंझुमकडून उतरावे.

जळगाव आणि भुसावळ येथून झेलम एक्स्प्रेसने थेट अंबाल्यापर्यंत जाता येते. तेथून काल्का आणि पुढे १९०३ साली सुरू झालेल्या छोट्या रेल्वेने सिमला. पुढच्या प्रवासासाठी हिमाचलातीलच गाडी आणि तिकडचाच चालक घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण दरड कोठे कोसळते आणि कोणता नाला कधी चढतो हे त्या रस्त्यावर रोज गाडी चालवणाऱ्यालाच ठाऊक असते. खर्च कमी ठेवायचा असेल तर किन्नौरमधील रेकाँग पिओहून काझाला जाणारी सरकारी बस आहे. भारतीय नागरिकांना या मार्गावर परवाना लागत नाही, मात्र ओळखपत्र जवळ असावे.

काळ निवडताना आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी डोळ्यांपुढे येते. पण त्या वेळी कुंझुम बहुधा बर्फाने बंद असते आणि आल्या वाटेने परतावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरच्या रस्त्यावर दरडींचे भय असते. सप्टेंबर सर्वांत चांगला. पाऊस ओसरलेला असतो, किन्नौरच्या बागांत सफरचंदे लगडलेली असतात आणि शेतकरी वाचकांसाठी कापूस वेचणीला जोर यायचा असतो. दिवाळीच्या सुट्टीचा बेत करू नये. तोवर रात्री पाणी गोठू लागते आणि खिंडीचा भरवसा राहत नाही.

सिमल्यानंतर पहिला खरा मुक्काम कल्पा येथे करावा. हे गाव सुमारे २९६० मीटरांवर असून समोर किन्नर कैलासाची रांग उभी असते. येथे दोन रात्री काढाव्यात. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरांपेक्षा अधिक वाढू देऊ नये, हा गिर्यारोहकांचा जुना नियम पाळायचा, तर कल्प्यापेक्षा पाचशे मीटरांहून अधिक उंच असलेल्या, वाटेतल्या नाको गावाच्या तळ्याकाठी मुक्काम करण्याचा मोह टाळून, तेथे फक्त जेवून, पुढे ३२८० मीटरांवरील ताबोला झोपायला जावे. वाटेत खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते, आणि तेथून पुढे डोंगरांवरची हिरवळ जवळजवळ नाहीशी होते.

ताबोला मात्र घाई करू नये. अजिंठ्याची लेणी आपल्या अगदी शेजारी असल्यामुळे, ज्या मठाला हिमालयातील अजिंठा म्हणतात तो पाहण्याची आपली नजर आधीच तयार असते. इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला हा मठ बाहेरून आपल्याकडच्या धाब्याच्या घरांसारखा दिसतो : मातीच्या जाड भिंती, सपाट छप्पर, आणि डोके वाकवून आत शिरावे लागेल असे बुटके दार. आत गेल्यावर काही मिनिटे काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले की भिंतींतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती एकेक करून दिसू लागतात, आणि त्यांच्या खाली-वर रंगवलेले निळे, तांबडे प्रसंग उमगू लागतात. अजिंठ्यात चित्रांमागे कातळ आहे. येथे चित्रांमागेही मातीच आहे, त्यामुळे पावसाच्या पाण्याचे भय अधिक. आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, ती मनापासून पाळावी, आणि भिंतीला पाठ टेकू नये.

ताबोहून काझाला जाताना कड्याच्या टोकावर उभारलेला धनकर मठ पाहून घ्यावा. ताबोच्या अलीकडे, नाकोहून येतानाच्या वाटेवरून आत वळल्यावर लागणाऱ्या ग्यू गावी १९७५ च्या भूकंपानंतर सापडलेला, बसलेल्या स्थितीतील एका भिक्षूचा टिकून राहिलेला देह आहे. वेळ असेल तरच तेथे वळावे.

काझात किमान तीन रात्री राहावे, आणि पहिल्या दिवशी गावात हळूहळू फिरण्यापलीकडे काही करू नये. दुसऱ्या दिवशी ४१६६ मीटरांवरील ‘की’ मठ, त्यापुढे किब्बर गाव आणि दरीवरचा चिचमचा पूल पाहावा. लांग्झा, हिक्किम आणि कॉमिक ही तिन्ही गावे ४४०० मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवर असल्यामुळे ती तिसऱ्या दिवसासाठी ठेवावीत. हिक्किमच्या टपाल कार्यालयातून घरच्यांना पत्र जरूर टाकावे. लांग्झाच्या आसपास, हिमालय उभा राहण्यापूर्वी तेथे असलेल्या टेथिस समुद्रातील प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. ते उचलू नयेत आणि कोणी विकत असेल तर घेऊही नयेत.

डोके दुखणे, मळमळणे, भूक मरणे ही उंची न मानवल्याची पहिली लक्षणे होत. ती दिसली की वर जाणे थांबवावे. बसल्या जागी धाप लागणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी ताबडतोब खाली उतरावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य. उंचीच्या त्रासावर ॲसिटाझोलामाइडची गोळी उपयोगी असली तरी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. तेथे पाणी नव्वद अंशांच्याही आत उकळत असल्याने डाळ प्रेशर कुकरशिवाय नीट शिजत नाही. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ न्यावा, पण पहिले दोन-तीन दिवस आपला झणझणीत रस्सा विसरून थुक्पा (नूडल्स घातलेले तिकडचे सूप) किंवा साधा भात खावा.

परतीच्या वाटेवर चंद्रताल येते. सुमारे ४२५० मीटरांवरील या सरोवराच्या काठी तंबू लावण्यास बंदी असून मुक्कामाचे तंबू काही अंतर अलीकडे असतात. झोपण्याची उंची येथे सहाशे मीटरांनी वाढते, म्हणून काझात कोणालाही त्रास झाला असेल तर तळे पाहून त्याच दिवशी पुढे निघावे. पुढे लागणाऱ्या बातल या थांब्यानंतरचा रस्ता दगडगोट्यांचा आहे. ऊन चढते तसे वरचे बर्फ वितळते आणि दुपारनंतर नाले फुगतात, यासाठी हा टप्पा पहाटे निघून सकाळीच पार करावा. पुढे २०२० साली खुल्या झालेल्या, नऊ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून मनालीला उतरता येते. परतीच्या रेल्वेचे आरक्षण मनालीला पोहोचण्याच्या दिवसानंतर किमान दोन दिवस मोकळे सोडून करावे, आणि काझातील एटीएमवर विसंबून न राहता रोख रक्कम रेकाँग पिओलाच काढून घ्यावी.