ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर: ऑफिसातला डेटाबेस क्लाउडमध्ये कसा न्यावा

डेटाबेस आपल्या सर्व्हर-रूममधून क्लाउडमध्ये हलवणं हे एक काम, आणि त्याचं इंजिन, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, बदलणं हे दुसरं. पण लायसन्सचं नूतनीकरण आणि जुन्या हार्डवेअरची मुदत एकदमच अंगावर आली की दोन्ही बरोबरच करायची पाळी येते. इथे ओरॅकल सोडून क्लाउडमधल्या पोस्टग्रेसवर जाण्याचं उदाहरण घेतलंय. तुमची इंजिनं दुसरी असतील तर तपशील बदलतील, पायऱ्यांचा क्रम साधारण हाच राहील.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. जिथे एरर येते तिथे फारसं बिघडत नाही. कोणीतरी बघतं आणि दुरुस्त करतं. घाबरायचं ते क्वेरी बिनबोभाट चालते आणि वेगळंच उत्तर देते त्याला. म्हणून खाली काही पायऱ्या चार ओळींत उरकल्या आहेत आणि काहींवर मुद्दाम रेंगाळलोय.

पायरी १: मोजदाद

टेबलं, व्ह्यू, प्रोसीजर, पॅकेज, ट्रिगर, रात्री चालणारे जॉब, दुसऱ्या डेटाबेसकडे जाणाऱ्या लिंक या सगळ्यांची यादी करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या डेटाबेसला कोण कोण जोडलं जातं ते शोधा. अकाउंट्समधल्या कोणाची तरी एक्सेल शीट महिनाअखेरीला थेट डेटाबेसमधून आकडे ओढत असते आणि तिचा कुठल्याच कागदावर उल्लेख नसतो. त्यामुळे लॉगिनची नोंद निदान एक महिनाअखेर धरून तपासा, तिमाहीअखेर मिळाली तर उत्तमच.

ओराटूपीजी हे मोफत साधन ओरॅकल स्कीमा (टेबलं, प्रोसीजर वगैरे ठेवायचा कप्पा) वाचून किती काम पडेल याचा अंदाज देतं. त्याचा हिशेब एककांत असतो आणि एक एकक म्हणजे ५ मिनिटं असं ते धरून चालतं. हा वेग सरावलेल्या माणसाचा आहे. टीम नवखी असेल तर सेटिंगमध्ये तो आकडा वाढवूनच वरिष्ठांना तारीख सांगा.

टेबलं सहसा सुखाने जातात. वेळ खातं ते पीएल/एसक्यूएल, म्हणजे ओरॅकलची प्रोसीजर लिहायची भाषा. पोस्टग्रेसमध्ये पॅकेज (प्रोसीजर-फंक्शनांचा गठ्ठा) हा प्रकारच नाही. प्रत्येक पॅकेजसाठी वेगळा स्कीमा करून फंक्शनं त्यात ठेवता येतात, पण पॅकेजच्या व्हेरिएबलमध्ये सेशनभर काही साठवलं असेल तर त्याची सोय वेगळी करावी लागते. वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेली प्रोसीजर मात्र बदलत बसू नका, सरळ वगळा.

पायरी २: स्कीमा बदलताना चुपचाप चुकणाऱ्या जागा

भागाकारापासून सुरू करू. ओरॅकलमध्ये १ भागिले २ म्हणजे ०.५. पोस्टग्रेसमध्ये दोन्ही संख्या पूर्णांक असल्या तर उत्तर ० येतं. जुन्या ‘नंबर’ कॉलमचं रूपांतर ‘इंटिजर’मध्ये केलं, वेगाच्या दृष्टीने ते योग्यच, आणि रिपोर्टमध्ये ‘मंजूर भागिले एकूण गुणिले १००’ असं सूत्र आहे. ६० पैकी ४५ मंजूर असतील तर पूर्वी ७५ दिसायचे, आता ० दिसेल. ६० पैकी ६० असतील तर दोन्हीकडे १०० च दिसतील, आणि चाचणीसाठी नेमकी तीच ओळ निवडली तर सगळं आलबेल वाटेल. उपाय सोपा आहे: भागाकाराआधी एक बाजू ‘न्यूमेरिक’ करून घ्या. मात्र अशी प्रत्येक जागा शोधावी लागते.

दुसरी जागा रिकाम्या मजकुराची. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) आणि नल (किंमतच नसणं) यांना एकच मानतं, पोस्टग्रेस मानत नाही. शिवाय दोन उभ्या रेघांच्या चिन्हाने मजकूर जोडताना ओरॅकल नलकडे काणाडोळा करतं. पोस्टग्रेसमध्ये एक तुकडा नल असला की अख्खं उत्तर नल. नाव, मधलं नाव आणि आडनाव जोडून पत्रावर छापत असाल तर मधलं नाव न भरलेल्या माणसांची पत्रं बिननावी निघतील. तिथे ‘कॉन्कॅट’ किंवा ‘कोअलेस’ वापरा.

याचाच दुसरा पदर उशिरा उघडतो. जुन्या ओळी नल म्हणून आल्या, पण ॲप्लिकेशन आता रिकाम्या चौकटीसाठी रिकामी स्ट्रिंग पाठवतंय आणि पोस्टग्रेस ती तशीच ठेवतंय. मग ‘फोन नंबर नसलेले ग्राहक’ शोधणारी क्वेरी जुने ग्राहक दाखवते, नवे नाही. ॲप्लिकेशनमध्येच रिकाम्याचं नल करा, आणि त्या कॉलमवर रिकामी स्ट्रिंग नाकारणारा नियम, म्हणजे चेक कन्स्ट्रेंटही घाला. मग चूक झालीच तर एरर येईल, आणि तेच आपल्याला हवंय.

तारखांचं बघा. ओरॅकलच्या ‘डेट’मध्ये सेकंदापर्यंत वेळही असते, पोस्टग्रेसच्या ‘डेट’मध्ये फक्त दिवस. नावावर जाऊन डेटचं डेट केलंत तर वेळ गायब. त्याऐवजी ‘टाइमस्टॅम्प’ घ्या. ओरॅकलमध्ये चालू वेळ देणाऱ्या ‘सिसडेट’च्या जागी डोळे झाकून ‘नाऊ’ लिहू नका: ते ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, त्यामुळे दोन तास चाललेल्या जॉबच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीवर एकच वेळ उमटते. घड्याळातली चालू वेळ हवी तर ‘क्लॉक टाइमस्टॅम्प’ आहे.

मजकुराची लांबी उलट सोपी होते. ओरॅकलमध्ये कॉलमची लांबी, वेगळं सांगितलं नसेल तर, बाइटमध्ये मोजली जाते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ३० च्या कॉलममध्ये काना-मात्रा धरून १० चिन्हं. पोस्टग्रेस बाइट न मोजता चिन्हं मोजतं. कॉलमच्या लांबीनुसार फॉर्म किंवा निर्यातीची फाइल बेतली असेल तेवढी बघून घ्या.

‘एनव्हीएल’, ‘डिकोड’, ‘कनेक्ट बाय’ वगैरे ओरॅकलच्या खास शब्दांवर इथे वेळ घालवत नाही. ती चालली नाहीत तर लगेच ओरडतात.

पायरी ३: क्लाउडचे नियम

व्यवस्थापित सेवेत, म्हणजे डेटाबेसची देखभाल क्लाउड कंपनी करते तिथे, पूर्ण सुपरयुझर हक्क मिळत नाहीत आणि सर्व्हरच्या डिस्कवर फाइल लिहिता येत नाही. ओरॅकलच्या ‘यूटीएल फाइल’ने सर्व्हरवर फाइल टाकणारी प्रोसीजर असेल तर ते काम ॲप्लिकेशनकडे किंवा क्लाउडच्या स्टोरेजकडे न्यावं लागेल.

अंतराचंही गणित मांडा. एखादी स्क्रीन उघडताना ४०० छोट्या क्वेरी एकामागून एक जातात असं धरा. शेजारच्या रॅकमधल्या सर्व्हरशी फेरी १ मिलिसेकंदाची असताना जाण्यायेण्यात अर्धा सेकंदही जात नव्हता. ॲप्लिकेशन ऑफिसात आणि डेटाबेस २० मिलिसेकंद दूर, म्हणजे ८ सेकंद. क्वेरी ट्यून करून हे सुटत नाही. ॲप्लिकेशनही डेटाबेसबरोबरच हलवा.

पायरी ४: डेटा हलवणं

१ टेराबाइट डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून जायला, लाइन पूर्ण मिळाली तरी, २२ तासांहून जास्त लागतात. तेवढा वेळ काम बंद ठेवणं परवडत नसेल तर आधी पूर्ण प्रत न्यायची आणि मधल्या काळातले बदल लॉगमधून वाचून मागोमाग पाठवत राहायचं. ॲमेझॉनची डीएमएस ही डेटाबेस हलवणारी सेवा असं करते. त्यासाठी ओरॅकल आर्काइव्हलॉग मोडमध्ये (जुने लॉग जपून ठेवणारा) हवं आणि सप्लिमेंटल लॉगिंग (लॉगमध्ये जादा तपशील) चालू हवं. बॅकअपनंतर आर्काइव्ह लॉग आपोआप पुसणारा जॉब असेल तर त्याला लगाम घाला, नाहीतर न वाचलेले लॉगही जातील.

डेटा भरताना ट्रिगर बंद ठेवा. फॉरेन की (टेबलांमधलं नातं जपणारे नियम) आणि दुय्यम इंडेक्स नंतर करा. डीएमएसमध्ये लॉबसाठी, म्हणजे मोठ्या मजकुरासाठी किंवा फाइलसाठी, ‘लिमिटेड लॉब’ पद्धत वापरत असाल तर मर्यादा बघा. मूळ सेटिंग ३२ केबी असते आणि त्यापलीकडचा मजकूर कापला जातो. स्कॅन केलेल्या कागदांच्या टेबलात हे होऊ देऊ नका: आधी सगळ्यात मोठा लॉब किती मोठा ते क्वेरीने काढा.

पायरी ५: पडताळणी

ओळींची संख्या जुळली म्हणजे डेटा जुळला असं नाही. प्रत्येक टेबलासाठी आकड्यांच्या कॉलमची बेरीज, तारखांचे किमान-कमाल, नल किती आणि मजकुराच्या लांबीची बेरीज दोन्हीकडे काढून ताडून बघा. मग रोजच्या वापरातले रिपोर्ट दोन्हीकडे चालवा आणि निकाल फाइलमध्ये घेऊन फरक पाहा. हे डोळ्यांनी करू नका. वेग मोजायचा असेल तर आधी ‘ॲनलाइझ’ चालवा. त्याशिवाय प्लॅनरकडे (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) नव्या टेबलांचे आकडेच नसतात.

पायरी ६: तालीम आणि बदलाची रात्र

सगळी प्रक्रिया खऱ्या आकाराच्या डेटावर निदान एकदा घड्याळ लावून करून पाहा. प्रत्यक्ष रात्री ॲप्लिकेशन बंद करा, मागे राहिलेले बदल संपेपर्यंत थांबा, पडताळणी करा आणि सिक्वेन्स (नव्या नोंदींना क्रमांक देणारे मोजक) पुढे सरकवा. हे शेवटचं हमखास विसरतं, कारण सिक्वेन्सचा चालू आकडा टेबलातल्या डेटाबरोबर येत नाही. मग सकाळची पहिलीच नोंद ‘डुप्लिकेट की’वर आपटते.

मागे फिरायचं कधी, हे शांतपणे आधीच लिहून ठेवा. नव्या डेटाबेसमध्ये नोंदी पडायला लागल्या की नुसता पत्ता बदलून जुन्याकडे परतता येत नाही. त्या नोंदी परत नेणारी उलटी वाट आधीच चालू करून ठेवलेली लागते. जुना ओरॅकल सर्व्हर फक्त वाचता येईल असा ठेवा. नव्या डेटाबेसवर एक तिमाहीअखेर पार पडून त्याचा बॅकअप एकदा खरोखर रिस्टोअर करून बघितल्यावर मगच तो बंद करायचा.