रिटायर झाल्यावर दर महिन्याला पैसे येत राहावेत म्हणून काय करायचं (माझ्या चुकांसकट)

जुनी सरकारी पेन्शन असलेल्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. हे आमच्यासारख्या प्रायव्हेटवाल्यांसाठी आणि दुकान वगैरे असणाऱ्यांसाठी आहे, ज्यांना साठीला नारळ, शाल आणि एक घड्याळ मिळतं आणि पुढच्या एक तारखेला बँकेचा पगाराचा मेसेजच येत नाही. मी नाशिकला असतो, दोन वर्षं झाली रिटायर होऊन. जे जमलं ते आणि जे चुकलं ते दोन्ही सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे "किती कोटी लागतील हो?" हे विचारणं सोडा. कोटींचा आकडा ऐकून माणूस एकतर घाबरतो नाहीतर हवेत जातो. विचारायचं ते एवढंच की महिन्याला किती लागतात. एक वही घ्या आणि तीन महिने नुसतं लिहा, किराणा, दूध, गॅस, लाईट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, गोळ्या-औषधं, पेट्रोल, आणि लग्नकार्यातले आहेर (हे सगळे विसरतात आणि सीझनमध्ये तेच कंबरडं मोडतात). मुलांच्या फिया आणि होम लोनचा हप्ता यात धरू नका, ते साठीच्या आत संपायला हवेत, संपणार नसतील तर बाकी सगळं सोडून आधी त्यांच्या मागे लागा. आता समजा तुमचं वय ४५ आहे आणि आज महिना ४०,००० मध्ये भागतंय, तर ६ टक्के महागाई धरली तर साठाव्या वर्षी अगदी असंच जगायला साधारण ९६,००० लागतील. हो, मीही दोनदा कॅल्क्युलेटर मारून बघितलं होतं.

मग त्या वहीत मधोमध रेघ मारा. डावीकडे न चुकता लागणारा खर्च, उजवीकडे मनाचा खर्च म्हणजे फिरणं, हॉटेल, नातवंडांचे लाड. माझा सगळा फंडा एवढाच आहे की प्रत्येक खर्चाला एक धनी नेमायचा. डावीकडचा खर्च निदान पहिली पाच वर्षं फक्त खात्रीच्या व्याजातून भागला पाहिजे, त्यात मार्केटचा रुपयासुद्धा धरायचा नाही (महागाईने पुढे वाढणाऱ्या खर्चाचं खाली सांगतो). उजवीकडचा भाड्यातून, फंडातून, कशातूनही भागू दे, एखाद्या वर्षी नाही झालं तर काश्मीरऐवजी दापोलीला जायचं.

आता इन्शुरन्स, कारण इथेच आमच्या पिढीने माती खाल्ली. मी तिशीत असताना नात्यातल्याच एकाने गळ घातली म्हणून २० वर्षांची पॉलिसी घेतली, वर्षाला २४,००० हप्ता, कव्हर ५ लाख. विमा पण झाला आणि बचत पण, असं वाटलं. मॅच्युरिटीला सगळं मिळून ८ लाख ३० हजारच्या आसपास आले, मी खूश, पेढे वाटले. मग मुलाने हिशोब करून दाखवला की हे वर्षाला ५ टक्केसुद्धा धड पडत नाही, हेच पैसे पीपीएफमध्ये (सरकारची १५ वर्षांची बचत योजना) आजच्या ७.१ टक्क्यांनी टाकले असते तरी साडेदहा लाखांच्या वर गेले असते. आणि मधल्या काळात मला काही झालं असतं तर बायकोच्या हातात ५ लाख! त्यात काय झालं असतं? म्हणून विमा हा विमाच ठेवा. तुमच्या पगारावर घर चालत असेल तर साधा टर्म प्लॅन (मुदतीत मेलो तरच घरच्यांना पैसे), वर्षाच्या कमाईच्या दहा-बारा पट, फक्त कमावत्या वयापुरता. मेलो नाही तर पैसे वाया जातात असं ज्यांना वाटतं त्यांना विचारा, स्कूटरचा इन्शुरन्स भरताना ॲक्सिडेंट व्हावा असं वाटतं का. चुकून नको ती पॉलिसी गळ्यात पडलीच तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, हे एजंट सहसा सांगत नाही.

हेल्थ इन्शुरन्स मात्र रिटायर व्हायच्या आधी काही वर्षं स्वतःचा वेगळा घ्या, कंपनीचा असला तरी. कंपनीचा कव्हर नोकरीबरोबर जातो, आणि तोपर्यंत बीपी-शुगर मागे लागलेली असते, मग आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग लावतात. ते वेटिंग नोकरीत असतानाच संपवून टाकायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरच्या हेल्थ आणि लाईफ पॉलिसीच्या हप्त्यावरचा जीएसटी गेलाय तेवढाच दिलासा. घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर आयुष्मान कार्ड काढून ठेवा, ५ लाखांपर्यंतचं आहे आणि सत्तरीपुढे उत्पन्नाची अट नाही. एक मोठं हॉस्पिटलचं बिल सगळं महिन्याचं गणित उधळून लावतं म्हणून हे आधी.

पीएफबद्दल एकच, नोकरी बदलली की तो काढू नका, ट्रान्सफर करा. मी दोनदा काढला, एकदा बाईक आणि एकदा किचनची ट्रॉली. ती ट्रॉली आता गंजलीय. पीएफवर २०२४-२५ ला ८.२५ टक्के मिळालेत, एवढं सुरक्षित एवढ्या व्याजाने दुसरीकडे कुठे मिळत नाही. आणि त्यातून येणाऱ्या पेन्शनवर फार विसंबू नका, तिचा हिशोब असा, पगार (जास्तीत जास्त १५,००० धरतात) गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. २० वर्षं झाली की २ वर्षं वरून मिळतात, म्हणजे १५,००० गुणिले २२ भागिले ७०, झाले ४,७१४. २०१४ च्या आधीच्या नोकरीला जुनी ६,५०० ची मर्यादा लागते त्यामुळे प्रत्यक्षात अजून कमी. दूध आणि लाईट बिल भागतं म्हणायचं.

पीपीएफ लोक १५ वर्षांनी मोडतात, तसं करू नका. वर्षाला दीड लाख असे १५ वर्षं भरले तर ७.१ ने ४० लाखांच्या वर होतात. मग तो पैसे न भरता तसाच चालू ठेवायचा, वर्षातून एकदा पाहिजे तेवढे काढता येतात. फक्त व्याज काढलं तरी वर्षाला २ लाख ८० हजारांच्या पुढे आणि त्यावर टॅक्स शून्य, मुद्दल जागच्या जागी. वर्षातून एकदाच मिळतात म्हणून मी तो आहेर, विम्याचा हप्ता आणि घरपट्टीचा धनी करून टाकलाय. आणि भरताना पाच तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज बुडतं.

आता प्रत्यक्ष साठीला काय करायचं ते. समजा सगळं मिळून ७० लाख हातात आले. ३० लाख सीनियर सिटिझन स्कीममध्ये, पोस्टात किंवा बँकेत. ८.२ टक्के आहे सध्या, म्हणजे तिमाहीला ६१,५००, महिन्याला २०,५०० पडतात, पण पैसे एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत येतात त्यामुळे पहिल्या महिन्यातच उडवायचे नाहीत. खातं काढताना जो दर असतो तो ५ वर्षं पक्का. १५ लाख पोस्टाच्या मंथली इन्कममध्ये नवरा-बायकोच्या जॉइंट खात्यात, ७.४ ने महिन्याला ९,२५०. दोन्ही मिळून २९,७५०, वर पीएफची पेन्शन तीन-चार हजार, म्हणजे डावीकडचा खर्च समजा ३२,००० असेल तर तो बसला. जोडीदार पण साठीचा असेल तर त्याच्या नावाने वेगळे ३० लाख टाकता येतात. टॅक्सचं म्हणाल तर नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर काही भरावं लागत नाही, त्यामुळे बहुतेकांना व्याजावर टॅक्सच येत नाही, तरी रिटर्न भरा.

उरले २५. त्यातले ५ लाख बँकेत एफडी, रात्री-बेरात्री लागले तर. आणि २० लाख म्युच्युअल फंडात, थोडे इंडेक्स फंड (निफ्टीसारख्या शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारे) आणि जास्त हायब्रिड (शेअर आणि कर्जरोखे दोन्ही असलेले). हे कशाला, तर पोस्टाचे २९,७५० पाच वर्षांनी पण २९,७५०च राहणार पण ३२,००० चा खर्च ४३,००० च्या घरात गेलेला असणार. हे वरचे ११,००० कुठून आणायचे? म्हणून त्या २० लाखांना पहिली पाच वर्षं हात लावायचा नाही, ८ टक्क्यांनी जरी वाढले तरी २९ लाख होतात, मग त्यातून एसडब्ल्यूपी लावायची. म्हणजे एसआयपीच्या (दर महिन्याला फंडात पैसे टाकण्याच्या) उलट, दर महिन्याला ठरलेली रक्कम फंडातून खात्यात. ११,००० महिना म्हणजे वर्षाला साधारण साडेचार टक्के, एवढं फंडाला झेपतं. पहिल्याच महिन्यापासून एसडब्ल्यूपी लावणाऱ्यांची मात्र काळजी वाटते. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,००० च्या वर होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला, अशा वेळी महिन्याचा खर्च काढायचा म्हणजे स्वस्तात युनिट (फंडातले आपले हिस्से) विकत बसायचं, नंतर मार्केट वर आलं तरी आपल्याकडे वर यायला युनिटच कमी.

एनपीएस (सरकारने चालू केलेली, नोकरीत असताना पैसे भरायची पेन्शन योजना) चांगलं आहे, खर्च खूप कमी, पण निघताना काही भागाची ॲन्युइटी (विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन मिळणारी पेन्शन) घ्यावीच लागते. ती आधी निदान ४० टक्के होती, डिसेंबर २०२५ मध्ये बिगरसरकारी लोकांसाठी २० वर आणली. ॲन्युइटी म्हणजे मरेपर्यंत तोच आकडा, वाढत नाही, म्हणून मी तरी सक्तीपेक्षा जास्त घेणार नाही.

भाड्याने द्यायला दुसरा फ्लॅट घ्यावा का? आधीच असेल तर ठेवा, मुद्दाम घेऊ नका. ६० लाखांच्या फ्लॅटला १४-१५ हजार भाडं, त्यातून मेंटेनन्स, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (स्वतः न राहता भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेते ते), दर ११ महिन्यांनी नवीन ॲग्रीमेंट, रंगकाम, आणि भाडेकरू गेला की दोन महिने रिकामा. लोक याला पॅसिव्ह म्हणतात, मला तर पार्ट टाइम नोकरी वाटते.

आणि पतसंस्था. अर्धा टक्का जास्त मिळतो, चेअरमन ओळखीचा आहे, म्हणून सगळी पुंजी तिथे टाकणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. बँकेत, मग ती सहकारी का असेना, बुडाली तर एका माणसाला एका बँकेत व्याजासकट ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. म्हणून बँकेतल्या एफडी पण पाच-पाच लाखांच्या आत वेगवेगळ्या बँकांत ठेवा.

शेवटी कागदपत्रं. प्रत्येक खात्याला नॉमिनी आहे का बघा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचा, म्हणून साधं का होईना मृत्युपत्र करा. सगळ्याची एक फाईल करा, कुठे किती, कधी मॅच्युअर. आणि एकदा जोडीदाराला एकटंच पोस्टात पाठवा, व्याज काढून आण म्हणावं. आमच्या हिला पाठवलं तेव्हा कळलं की पासबुकावरची सही जुनी आहे आणि माझा बंद पडलेला मोबाईल नंबर खात्याला जोडलेला आहे. दोन चकरा मारून ते आता नीट केलंय.