बेअर बेल घ्यायची का?

कॅल्गरीत नव्याने आलेल्या मंडळींचा पहिला उन्हाळा सुरू झाला की हा प्रश्न ठरलेला. बॅन्फला किंवा कॅननॅस्किसला हाइकला निघायचंय, बूट झाले, जॅकेट झालं, आणि दुकानात काउंटरपाशी त्या रंगीबेरंगी बेअर बेल, म्हणजे अस्वलाला चाहूल लागावी म्हणून सॅकला बांधायच्या घंट्या, टांगलेल्या दिसतात. घ्यायची का? घ्या, बिघडत काही नाही. फक्त ती अस्वलासाठी घेतोय असं समजू नका. घंटी माणसांच्या कामाची आहे. अस्वलासाठी तुमचा गळा लागतो, बरोबर चार माणसं लागतात आणि हाताशी बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा) लागतो. घंटी सॅकला बांधली की यातलं एखादं राहिलं तरी चालेल असं वाटायला लागतं, आणि तिथेच घोळ होतो.

वस्तू म्हणून ती मजेशीर आहे. वेल्क्रोचा पट्टा, त्याला जाडजूड घुंगरासारखी एक घंटी आणि सोबत चुंबक बसवलेली छोटी पिशवी. घंटी पिशवीत सरकवली की आतली लोखंडी गोळी चुंबकाला चिकटते आणि आवाज बंद. गाडीत, बसमध्ये, तंबूत ती तशीच ठेवायची. पिशवी घरी विसरलात तर लेक लुईच्या शटलमध्ये अख्खी बस तुमच्याकडे बघत बसते.

आता अस्वलाचं. नॅशनल पार्क सांभाळणारी सरकारी संस्था पार्क्स कॅनडा स्वतःच सांगते की नुसती घंटी पुरेशी नाही. ओरडा, टाळ्या वाजवा, गाणी म्हणा. यामागे साधं कारण आहे. घंटीचा आवाज बारीक आणि उंच पट्टीचा. झाडोरा असला आवाज लगेच गिळतो, आणि शेजारी ओढा खळाळत असेल तर पंधरा पावलांवर तुमच्याच ग्रुपमधल्या माणसाला तो ऐकू येत नाही. दुसरं म्हणजे, ऐकू आला तरी अस्वलाला त्यातून काय कळणार? टॉम स्मिथ नावाच्या वन्यजीव अभ्यासकाने अलास्कातल्या कॅटमाई नॅशनल पार्कमध्ये अस्वलांच्या येण्याजाण्याच्या वाटेजवळ लपून घंट्या वाजवून बघितल्या होत्या. अस्वलं ढुंकूनही न बघता निघून गेली. मग त्याने पेन्सिल मोडली, काडी मोडल्यासारखा आवाज झाला, आणि अस्वलांनी लगेच मान वळवली. जंगलात काडी मोडणं म्हणजे कुणीतरी आलंय. घंटी म्हणजे त्यांच्या लेखी काहीच नाही.

ऑफिसात कुणीतरी तुम्हाला यावरचा जुना विनोद ऐकवेलच: ग्रिझलीची (इथल्या मोठ्या तपकिरी अस्वलाची) विष्ठा कशी ओळखायची, तर त्यात छोट्या घंट्या सापडतात आणि तिला मिरचीचा वास येतो. पहिल्यांदा ऐकताय असं दाखवून हसा.

माणसाचा आवाज मात्र अस्वल ओळखतं, आणि बहुतेक वेळा आपणहून बाजूला होतं. इथली माणसं चालताना मधूनच 'हे बेअर!' अशी हाळी देतात. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं होतं, समोरून कुणी आलं तर काय म्हणेल असं वाटतं. कुणी काही म्हणत नाही, उलट पलीकडून उत्तरादाखल हाळी येते. इंग्रजीतच ओरडायला हवं असंही नाही. मराठीत हाका मारा, भेंड्या लावा, सासरच्यांच्या तक्रारी करा, अस्वलाला सगळं सारखंच. फक्त आवाज छातीतून, खालच्या पट्टीत आणि मोकळा काढा, किंचाळू नका. शिट्टीही यासाठी नको. या डोंगरांत मार्मॉट नावाचा गुबगुबीत प्राणी राहतो, तो थेट शिट्टीच घालतो. ब्रिटिश कोलंबियातल्या व्हिसलर गावाचं नाव त्याच्यावरूनच पडलंय. शिट्टी सॅकमध्ये असू द्या, पण संकटात मदत मागण्यासाठी, लागोपाठ तीनदा वाजवायला.

दर मिनिटाला ओरडत राहायची मात्र गरज नाही. उघड्या कड्यावर, जिथे दोन्हीकडे लांबवर दिसतंय, तिथे निवांत चाला. आवाज लागतो तो वळणाच्या आधी, दाट झुडपात, ओढ्याच्या काठाने जाताना आणि वारा समोरून येत असताना. समोरून वारा आला की तुमचा वासही मागे जातो आणि आवाजही, म्हणजे पुढच्या अस्वलाला तुमचा पत्ताच नसतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला जरा जास्तच. जूनमध्ये हिमस्खलनाच्या घळींतला बर्फ वितळून कोवळं गवत आलेलं असतं, तिथे अस्वलं चरायला येतात. ट्रेल अशी घळ ओलांडत असेल तर झाडीतून बाहेर पडायच्या आधीच हाळी द्या.

आणि जुलैच्या मध्यापासून बफेलोबेरी. हे झुडूप ओळखायला शिकाच. कमरेएवढी उंची, पानाची खालची बाजू चंदेरी-तपकिरी आणि ठिपकेदार, फांदीला चिकटून लालभडक, काचेसारखी पारदर्शक फळं. चव कडू आणि साबणासारखी, आपल्याला चालत नाही. अस्वलाचं मात्र वर्षभराचं गणित या फळावर असतं; मोसमात ते दिवसाला लाखांच्या हिशेबात बेरी खातं. खाताना मान खाली, तोंड झुडपात, पानांची सळसळ कानाशी. अशा वेळी ते जवळ असूनही तुम्ही त्याला जाणवत नाही, आणि घंटी तर नाहीच नाही. ट्रेलच्या दोन्ही बाजूंना लाल फळं दिसली की गप्पांचा आवाज वाढवा. फांद्या ताज्या मोडलेल्या आणि जमिनीवर बेरींनी भरलेली विष्ठा दिसली, तर मी सरळ मागे फिरतो.

आपल्या मंडळींचा आवाज पार्किंगमध्ये एवढा असतो की दरीतली अस्वलं तिथूनच पळावीत. मग चढ लागतो. दम भरतो, गप्पा आटतात, पुढचे दोघे शंभर मीटर पुढे, मागची एक मावशी शंभर मीटर मागे, मधले दोन तरुण कानात इअरफोन घालून. नेमक्या याच अवस्थेत ग्रुप सगळ्यात शांत आणि सगळ्यात विस्कळीत असतो, आणि वाट बहुतेक याच टप्प्यावर झाडीतून जात असते. यावर एकच उपाय, जो सगळ्यात हळू चालतो त्याला पुढे घाला. तो दम न लागता बोलू शकेल तोच सगळ्यांचा वेग. पोरांना ग्रुपच्या मधे ठेवा. मोरेन लेकपासून निघणाऱ्या लार्च व्हॅलीसारख्या ट्रेल्सवर ग्रिझलींचा वावर वाढला की पार्क्स कॅनडा किमान चार जणांच्या, एकमेकांना धरून चालणाऱ्या ग्रुपलाच सोडतं. तो कायदेशीर आदेश असतो, मोडला तर 25,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. त्या आदेशात माणसं मोजलेली असतात, घंट्या नाहीत. दोघंच असाल तर ट्रेलहेडवर थोडं थांबा, जोडीदार मिळतात. अनोळखी माणसांना 'तुमच्याबरोबर येऊ का' विचारणं तिथे अगदी रीतीचं आहे.

सायकलवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. डोंगरातल्या ट्रेलवर हँडलला घंटी लावली की भागलं असं पुष्कळांना वाटतं, पण तिथे खरा प्रश्न वेगाचा असतो. 2016 च्या जूनमध्ये मॉन्टानात, ग्लेशियर नॅशनल पार्कच्या हद्दीबाहेरच्या जंगलात एक अनुभवी सायकलस्वार वळणावर थेट ग्रिझलीवर आदळला आणि मारला गेला. चौकशी समितीचा निष्कर्ष होता की त्याला प्रतिक्रियेला एक-दोन सेकंदच मिळाले असावेत. सायकल शांत असते आणि वेगाने येते. अस्वलाला दचकवायचं असेल तर याहून सोयीचं काही नाही. आंधळ्या वळणावर ब्रेक दाबा आणि ओरडा. सायकलवरून स्प्रे काढायला वेळ मिळणार नाही हे धरूनच चला.

मग घंटी कुठे? शहरात. कॅल्गरीच्या बो आणि एल्बो नद्यांच्या काठच्या पाथवेवर सायकलला चालू घंटी असणं नियमानेच बंधनकारक आहे, आणि कुणाला ओलांडताना ती वाजवायची असते. वाजवण्यातही रीत आहे. अगदी पाठीशी येऊन टणटण केलंत तर माणूस दचकतो आणि नेमका तुमच्या समोर उडी मारतो. वीसेक मीटर आधी एकदा वाजवा, वेग कमी करा, 'ऑन युअर लेफ्ट' म्हणा, डावीकडून जा, थँक यू म्हणा. आजीआजोबा इथे नवीन आले असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की मागून घंटी वाजली की बाजूला धावायचं नाही, आहे त्याच रेषेत उजवीकडून चालत राहायचं.

घोडा दिसला तर घंटी अजिबात नाही. बॅन्फ आणि कॅननॅस्किसमध्ये पुष्कळ ट्रेल्सवर घोडे असतात आणि त्यांना नेहमी आपण वाट द्यायची. सायकलवरून उतरा, उताराच्या बाजूला उभे राहा, स्वाराशी साध्या आवाजात दोन शब्द बोला. तुम्ही माणूस आहात हे घोड्याला बोलण्यावरून कळतं. न बोलता, पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन झुडपात उभे राहिलात तर तो बिथरतो.

कुत्र्याच्या पट्ट्याला बांधायला घंटी चांगली, पण दोरीच्या ऐवजी नव्हे. नॅशनल पार्कमध्ये कुत्रा कायम दोरीवर हवा. मोकळा कुत्रा अस्वलाच्या अंगावर भुंकत जातो आणि मग त्याला मागे घेऊन तुमच्याकडेच पळत येतो. लहान मुलांच्या सॅकला मात्र घंटी जरूर बांधा. पोरगं पुढे सटकलं की घंटीचा आवाज दूर जाऊ लागतो, तुम्हाला लगेच कळतं. माझ्या मते बेअर बेलचा हाच सर्वांत चांगला उपयोग आहे.

प्राणी दिसला की आवाज थांबवायचा, हे अनेकांना उलटं वाटतं. आवाजाचं काम त्याला आधी कळवण्याचं होतं, ते आता संपलं. घंटी पिशवीत टाका. अस्वल, लांडगा, कूगर (डोंगरातलं मोठं रानमांजर) यांच्यापासून 100 मीटर आणि एल्क, हरीण, मूस यांच्यापासून 30 मीटर हे पार्क्स कॅनडाचं अंतर. शंभर मीटर म्हणजे साधारण दहा बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढं. अस्वल जवळ असेल तर पळू नका, ते ताशी 50 किलोमीटरच्या आसपास धावतं. एकत्र या, पोरांना उचला, शांत आवाजात बोलत राहा आणि त्याच्याकडे पाठ न करता मागे सरका. फोटो राहू द्या.

स्प्रेबद्दल थोडक्यात, कारण घंटी घेतली की लोक नेमका तोच घ्यायचं टाळतात. अलास्कातल्या 1985 ते 2006 मधल्या घटनांचा अभ्यास 2008 मध्ये छापून आला. त्याच टॉम स्मिथचा आणि सहकाऱ्यांचा. तपकिरी अस्वलांवर स्प्रे वापरला तेव्हा 92 टक्के वेळा त्यांचं नको असलेलं वागणं थांबलं, आणि स्प्रे जवळ असलेल्यांपैकी 98 टक्के माणसं सुखरूप राहिली. पण तो कमरेच्या किंवा छातीच्या पट्ट्यावर हवा. सॅकमध्ये डब्याखाली दडलेला स्प्रे असून नसल्यासारखा. सुरक्षेची क्लिप एका हाताने काढायचा सराव घरी करा, दाबू मात्र नका. डब्यावर मुदतीची तारीख असते ती बघा. आणि हा डासांचा स्प्रे नव्हे: अंगावर, कपड्यांवर, तंबूवर मारायचा नसतो. जमिनीवर सुकून राहिलेल्या मिरचीच्या अंशाकडे उलट अस्वलं आकर्षित होतात असं दिसून आलंय. विमानात तो ना हातातल्या बॅगेत चालतो ना चेक-इनमध्ये, त्यामुळे व्हँकुव्हरहून पाहुणे येणार असतील तर त्यांचा इथेच घेऊन ठेवा.

हिवाळ्यात यातून सुट्टी मिळते, पण वाटते तेवढी लांब नाही. अस्वलं साधारण नोव्हेंबरच्या सुमारास गुहेत जातात आणि मोठे नर मार्चमध्येच बाहेर पडायला लागतात. बॅन्फमधला 122 क्रमांकाचा प्रसिद्ध ग्रिझली, ज्याला इथे 'द बॉस' म्हणतात, तो मार्चमध्ये फिरताना दिसल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा आपण अजून स्नोशूच्या गप्पा करत असतो. कूगर तर हिवाळी झोप घेतच नाही. म्हणून मार्च लागला की स्प्रे पुन्हा पट्ट्यावर आणि हाका पुन्हा सुरू. निघायच्या आदल्या रात्री पार्क्स कॅनडाच्या पानावर तुमच्या ट्रेलसाठी वॉर्निंग आहे का क्लोजर, ते बघा. वॉर्निंग असेल तर जाता येतं, पण ग्रुप मोठा करा. क्लोजर असेल तर दुसरा ट्रेल निवडा.