खोट्या रीडिंगवर सही कशी टाळायची

अंबड एमआयडीसीत इन्स्पेक्शनला नवीन लागलेल्या पोरापोरींना मी पहिलं हेच सांगते: रिपोर्टात ‘ओके’ लिहू नका, आकडा लिहा. शाफ्टची मर्यादा 25.00 ते 25.02 मिलिमीटर आणि मायक्रोमीटर 25.03 दाखवतोय, तर 25.03च लिहायचं. पेनाने, मोजल्याबरोबर.

महिनाअखेरीला गाडी गेटवर उभी असते. सुपरवायझर म्हणतात, "ताई, दहा मायक्रॉननं (म्हणजे 0.01 मिलिमीटरनं) काय होतंय?" वाद घालू नका. मायक्रोमीटरचा शून्य तपासा, पार्ट गार होऊ द्या (मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश, मशीनवरून उतरलेला गरम पार्ट मोठाच भरतो) आणि त्यांच्यासमोर पुन्हा मोजा. तरी तेच आलं तर म्हणा, "साहेब, डेव्हिएशन लेखी मागवा, ग्राहकाची मंजुरी आली की माल लगेच सुटेल." (डेव्हिएशन म्हणजे मर्यादेबाहेरचा माल चालवून घ्यायची परवानगी.) लेखी म्हटलं की निम्मे आग्रह तिथंच विरतात. उरलेल्या निम्म्यांसाठी क्वालिटी हेडला मेल टाका, तोंडी सांगून भागत नाही.

पाच नग मोजले तर पाचच आकडे लिहा. बाकीचे मनाने भरणं मला चुकीच्या सहीपेक्षाही वाईट वाटतं.

सप्लायरचा दिवाळीतला ड्रायफ्रूटचा डबा? सरळ एचआरकडे जमा करा. चिवडा आला तर मात्र मी सगळ्यांदेखत लाइनवरच फोडायला लावते.